लागेल कधीतरी

कोथरूडमधल्या जुन्या बंगल्यांना गॅरेज असतं आणि त्या बंगल्यांच्या मोटारी रस्त्यावर उभ्या असतात. यात काही विसंगत आहे असं फक्त परगावच्या पाहुण्यांना वाटतं. एका गॅरेजात दहावीच्या गणिताचा क्लास चालतो, एकात पोळी-भाजी केंद्र असतं, एकात धाकट्या दिरांचं सामान ‘फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत’ ठेवलेलं असतं आणि त्या दिरांची मुलं आता कॉलेजात असतात. माझ्या ताईच्या गॅरेजात सुतारकाम चालतं. म्हणजे तशी सोय आहे. प्रत्यक्षात तिथं चालणं हीच अडचण होऊन बसली आहे.

सुतारकाम भाऊजींचं. भाऊजी बँकेतून निवृत्त झाले. संध्याकाळी रोख जुळेना, दोन रुपयांचा फरक येतोय, म्हणून अख्ख्या शाखेला रात्री आठपर्यंत बसवून ठेवणारा हा माणूस. त्यांच्या टेबलावर टाचणीसुद्धा टाचणीच्या डबीबाहेर दिसायची नाही. घरात अजूनही वर्तमानपत्रांची चळत तारखेनुसार लागते. असा हा गृहस्थ गॅरेजाचं शटर वर करून आत शिरला की दुसराच कुणी होतो. तिथं जमेची बाजू तेवढी वाढत जाते, आणि खर्ची टाकायला ते काही केल्या तयार होत नाहीत.

गॅरेज दहा बाय अठरा फुटांचं आहे. मधोमध वर्कबेंच आहे असं भाऊजी सांगतात आणि आपण ते मान्य करायचं, कारण एवढ्या वस्तू अधांतरी तर राहू शकत नाहीत. बेंचवर एक लाकडी रंधा, दोन लोखंडी रंधे, वेगवेगळ्या रुंदीच्या पटाश्या, गुण्या, कानशी, अर्धवट चिकटवलेली एक फ्रेम, आणि त्या फ्रेमला लावलेले क्लॅम्प. क्लॅम्प कितीही विकत घेतले तरी ऐन वेळी एक कमी पडतो, असं जगभरचे हौशी सुतार म्हणतात. भाऊजींचं म्हणणं दोन कमी पडतात, कारण एक या फ्रेमला कायमचा चिकटला आहे.

खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे हा सगळा ऐवज श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. ताई म्हणते, ह्यांना श्रीखंड आवडत नाही, डबे आवडतात. डब्यांवर बँकेतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या आहेत: ‘स्क्रू, पाऊण इंची’, ‘स्क्रू, एक इंची’, ‘चुका, बारीक’, ‘चुका, जुन्या’, आणि सगळ्यांत मोठ्या डब्यावर ‘चुका, वाकड्या (सरळ करणे)’. हा डबा उघडलेला मी कधी पाहिला नाही. याशिवाय नुसतं ‘इतर’ लिहिलेले डबे आहेत. बँकेत सस्पेन्स खातं नावाची एक सोय असते. कुठल्या खात्यात घालावी कळेना अशी रक्कम तिथं तात्पुरती टाकायची आणि शक्य तितक्या लवकर ते खातं रिकामं करायचं. भाऊजींनी नोकरीभर सस्पेन्स खातं शिल्लक राहू दिलं नाही. त्या सगळ्याचं उट्टं ‘इतर’च्या डब्यांनी काढलेलं आहे.

पण स्क्रू-खिळ्यांनी जागा अडत नाही. जागा अडते ती तुकड्यांनी. प्लायवूडची आठ बाय चारची शीट आणली, तिच्यातून हवे ते भाग कापून घेतले की एक पट्टी उरतेच. रुंदी चार-पाच इंच, लांबी चांगली आठ फूट. ही टाकून कोण देईल? ती भिंतीला उभी राहते. दुसऱ्या शीटची पट्टी तिला टेकून उभी राहते. काही काळानं भिंत दिसेनाशी होते आणि मग भिंतीवर काय काय टांगलं होतं हेही विसरायला होतं. त्यात लाकूड नुसतं प्लायवूडच नाही. पेठेतला एखादा वाडा पाडला की त्याच्या तुळया, खांब, दरवाजाच्या चौकटी विकायला निघतात. त्यातलं जुनं सागवान पाहिलं की भाऊजींच्या डोळ्यांत जे तेज येतं, ते ताईच्या म्हणण्याप्रमाणे लग्नातसुद्धा नव्हतं. मग हातभर तुळई घरी येते. फणसाचा एक पिवळाधमक ओंडका आहे, शिसवीच्या दोन फळ्या आहेत, कुठल्याशा बैलगाडीच्या चाकाची बाभळीची पाठी आहे. या पाठीचं काय करणार असं मी एकदा विचारलं. भाऊजी माझ्याकडे दयेनं पाहत राहिले.

तुकड्यांची त्यांच्याकडे एक अलिखित प्रतवारी आहे. हातभर असेल तर तो ‘माल’. वितीएवढा असेल तर पाचर करायला. बोटाएवढा असेल तर सरस ढवळायला. त्याहून बारीक तो भुसा, आणि भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भेगा बुजवायला वापरतात, म्हणून त्याचीही बरणी. सागाच्या भुशाची वेगळी, शिसवीची वेगळी, कारण रंग जुळायला हवा. थोडक्यात, झाड गॅरेजात एकदा आलं की त्याला बाहेर पडायची वाट नाही.

माझ्या मते याचं मूळ भाऊजींच्या स्वभावात नाही, ते बंबात आहे. आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत वरून ढलप्या, नारळाच्या करवंट्या, मिळेल ते जळण टाकायचं आणि अख्ख्या कुटुंबाच्या आंघोळी उरकायच्या. लाकडाच्या वखारीतून पोत्यानं ढलप्या यायच्या. काही घरांत भुशाची शेगडी असायची: पत्र्याच्या डब्यात मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद ओढून घ्यायची आणि त्या पोकळीत खालून जाळ द्यायचा. कितीतरी वेळ ती धुमसत राहायची. खेड्यात तर प्रश्नच नव्हता. बलुतेदार सुतार झाडाखाली बसून औत तासायचा आणि उडालेल्या ढलप्या संध्याकाळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या चुलीत गेलेल्या असायच्या. सुताराला आपलं कामाचं ठिकाण आवरावं लागतच नव्हतं, गाव ते जाळून टाकत होतं. मग गॅस आला, गिझर आला, गच्चीवर सोलर आला. बंब आधी माळ्यावर गेला, मग मोडीत गेला, आणि आता ज्यांच्याकडे शिल्लक आहे ते त्यात मनीप्लांट लावतात. लाकडाचा तुकडा मात्र तयार होतच राहिला. त्याचं पोट भरणारं तोंड तेवढं नाहीसं झालं.

बंब पुन्हा आणा, असंही म्हणायची सोय नाही. आजचा निम्मा माल प्लायवूड आणि एमडीएफचा. त्यात फॉर्मल्डिहाइडची रेझिनं असतात, तो घरात जाळायचा नाही. म्हणजे वाड्यातल्या सागवानाला भावनेनं हात लावता येत नाही आणि प्लायवूडला रसायनशास्त्रानं.

आता एवढ्या मालातून आणि एवढ्या हत्यारांतून बनतं काय, हा प्रश्न ताई अधूनमधून विचारते. तिचा सूर शाखातपासणीला आलेल्या ऑडिटरचा असतो. खरं सांगायचं तर बरंच बनतं. वर्कबेंच बनलं. करवत-यंत्रासाठी चाकांचा स्टँड बनला. क्लॅम्प टांगायची मांडणी बनली. पटाश्यांना धार लावताना कोन अचूक धरणारी एक लाकडी युक्ती बनली, आणि ती युक्ती ठेवायला एक पेटी बनली. सूक्ष्मपणे पाहिलं तर गॅरेजात जे बनलं ते सगळं गॅरेजातच राहिलं. मी आजवर जेवढ्या हौशी सुतारांकडे गेलो तिथं हेच पाहिलं आहे. स्टूल, देव्हारा, पुस्तकांची मांडणी हे सगळं पुढच्या वर्षीचं. तोवर कारखाना स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक असतो आणि धंदा तेजीत असतो. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी एक साधी फळी हवी, ही ताईची मागणी भाऊजींनी नाकारलेली नाही. तिचं ड्रॉइंग तयार आहे. ते ड्रॉइंग बेंचवर आहे. बेंच कुठं आहे ते वर आलंच आहे.

यंदा भाद्रपद संपता संपता ताईनं डाव टाकला. “खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची ना?” तिनं चहाबरोबर विचारलं. भाऊजी हो म्हणाले. दरवर्षी करतात. “मग यंदा हत्यारं दिसू देत. गेल्या वर्षी मी ज्याला हळद-कुंकू वाहिलं तो पंपाचा पाइप होता.”

नवरात्र बसायला थोडेच दिवस होते. आवराआवरीला मी तर होतोच, शिवाय शेजारचे काका आले. काका चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांच्या कंपनीत जपानी लोक येऊन ‘फाइव्ह एस’ शिकवून गेले होते आणि काकांना ते पाठ होतं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके: नको ते वेगळं काढा, हवं ते जागेवर लावा, झाडून पुसून घ्या, पद्धत ठरवा, आणि ती पाळा. काकांनी ही पाच नावं शटरसमोर उभं राहून अशा काही स्वरात उच्चारली की समोरच्या बंगल्यातल्या आजी हात जोडून थांबल्या.

पहिल्या ‘एस’चं शस्त्र म्हणजे लाल चिठ्ठी. जी वस्तू बरेच दिवस कुणी वापरलेली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, वेगळ्या जागी नेऊन ठेवायची, आणि ठरलेल्या मुदतीत तिची कुणाला आठवण झाली नाही तर निकालात काढायची. चिंचवडला याच पद्धतीनं शेडच्या शेड मोकळ्या झाल्या म्हणे. काकांनी एक गिरमिट उचललं.

“हे शेवटचं कधी वापरलंत?”

“अजून वापरलं नाही,” भाऊजी म्हणाले.

“मग लाल.”

“अहो, वापरलं नाही म्हणजे नवं आहे! नव्या वस्तूला लाल चिठ्ठी?”

काकांनी बाभळीची पाठी उचलली. ती उचलताना त्यांना दोन वेळा खाली ठेवावी लागली. “ही?”

“ती रोज वापरतो. शटर वाऱ्यानं खाली येऊ नये म्हणून तिचाच टेकू लागतो.”

हे खोटं नव्हतं. गॅरेजातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूला टेकू होती. एक काढली की तीन खाली यायच्या, आणि त्या तीन हव्याच असायच्या. तरी काकांनी नेटानं बऱ्याच चिठ्ठ्या लावल्या. मग प्रश्न आला लाल विभागाचा. चिठ्ठीवाल्या वस्तू ठेवायला एक कोपरा मोकळा हवा, आणि कोपरा मोकळा करायला त्या वस्तू आधी हलवायला हव्यात. असा पेच जपानमध्ये येत नसावा. शेवटी तो सगळा माल रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीत भरला. त्या दिवसापासून मोटारही गॅरेजाचाच भाग झाली आहे आणि ताई रिक्षानं जाते.

सगळ्या गॅरेजात खरोखर टाकून द्यायची, तीही तातडीनं, अशी एकच गोष्ट निघाली आणि तिला कुणीच चिठ्ठी लावली नव्हती. कोपऱ्यात चिंध्यांचा एक बोळा पडला होता. लाकडाला अळशीचं तेल चोळून झाल्यावर टाकलेला. हे तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडतं असं नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती उष्णता निघून जाते. बोळा करून टाकला की आत साठत जाते, आणि काडी न लावता, ठिणगी न पडता तो बोळा आपणहून पेट घेऊ शकतो. अशी फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवायची. तेलाच्या डब्यावर हे छापलेलं असतं आणि भाऊजींना ते पाठही आहे. मग बोळा ठेवला कशाला? कापड ताईच्या जुन्या सुती साडीचं होतं. “चांगलं मऊ आहे. लागेल कधीतरी,” असं ते म्हणाले. ताईनं तो बोळा बादलीत बुडवला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. हसण्यासारख्या गोष्टींत ही एक धरू नये असं मलाही वाटतं.

दुसरी तसलीच गोष्ट धूळ. केरसुणी घेऊन कोरडं झाडायला लागलं की बारीक भुसा उडतो आणि तासभर हवेत तरंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, तंबाखूच्या धुराच्या पंक्तीला. धोका मुख्यतः नाकाला आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्यांना. म्हणून तोंडा-नाकाला चांगला मास्क लावून भुसा ओढून घेणारं यंत्र वापरायचं. भाऊजींकडे असं यंत्र आहे. त्याचा नळा पंधरा फूट लांब आहे आणि गॅरेजात आपण जे काही अडखळतो त्यातलं निम्मं श्रेय त्या नळ्याचं. तो नळा ठेवायला भिंतीवर एक गोल कमान करायची योजना आहे.

भंगारवाला आला तो हाकेला ओ देऊन नव्हे, शटर उघडं दिसलं म्हणून. त्यानं आत डोकावून पाहिलं, गंजलेल्या बिजागऱ्यांची पिशवी हातात तोलली, लाकूड घेत नाही म्हणाला, आणि जाता जाता भाऊजींना धंद्यातल्या माणसाच्या आपुलकीनं विचारलं, “शेठ, तुमच्याकडं माल घेऊन कोण येतं?”

दुसरा ‘एस’ मांडणीचा. काका म्हणाले, प्रत्येक हत्याराला भिंतीवर जागा हवी आणि त्या जागेवर हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली हवी, म्हणजे काय जागेवर नाही ते दारातूनच कळतं. चिंचवडला असंच होतं. इथं भाऊजींचे डोळे लकाकले, कारण फळा लागणार, म्हणजे शीट लागणार. आठ बाय चारची नवी शीट दुसऱ्या दिवशी हजर झाली. तिच्यातून फळा कापला आणि एक पट्टी उरली.

फळ्याच्या निमित्तानं भाऊजींनी मला त्यांचं दैवत दाखवलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी हेन्री स्टडली नावाचा पियानो बनवणारा कारागीर होता, जन्म 1838, मृत्यू 1925. त्यानं हत्यारांसाठी भिंतीवर टांगायचं एक कपाट केलं. बंद केलं की साधारण चाळीस इंच उंच आणि वीस इंच रुंद. त्यात सुमारे तीनशे हत्यारं बसतात. एकामागे एक उघडणारी दालनं, प्रत्येक पटाशीला तिच्याच मापाची खोबण, महोगनी, शिसव, हस्तिदंत, शिंपला. त्या उघड्या कपाटाचा फोटो जगभरच्या हौशी सुतारांच्या भिंतीवर असतो. भाऊजींच्याही आहे, पट्ट्यांच्या मागे. मी बराच वेळ फोटो पाहिला. एवढंच खटकलं की फोटो कपाटाच्या चौकटीशी संपतो. त्या कपाटाच्या खाली जमिनीवर काय पडलेलं होतं ते फोटोग्राफरनं घेतलेलं नाही.

मला स्वतःला दुसरी एक पेटी जवळची वाटते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मेस्टरमिर नावाची दलदल होती. तिचं पाणी काढून शेती केली, आणि 1936 साली नांगराला एक ओकची पेटी लागली. व्हायकिंग काळातल्या कारागिराची. दोनशेच्या वर वस्तू: कुऱ्हाडी, वाकस, करवती, कानशी, हातोड्या. हजार वर्षं चिखलात राहून नीट राहिल्या, अर्थात शेजाऱ्यांना उसन्या देता येत नव्हत्या म्हणून. पण त्याच पेटीत हत्यारांबरोबर भांडी निघाली, कुलपं निघाली, किल्ल्या निघाल्या, घंटा निघाल्या. पुरातत्त्ववेत्ते याची निरनिराळी कारणं देतात. मी त्या संशोधनात पडत नाही. सुताराच्या पेटीत घंटा का असते हे ज्याला कळत नसेल त्यानं ताईकडे यावं, ‘इतर’चे डबे दाखवतो.

तर फळा भिंतीला लागला. भाऊजींनी एकेक हत्यार त्यावर धरून काळ्या रंगानं रेषा मारल्या. दोन दिवस ते काम फार सुंदर चाललं होतं, कारण ते आवरणं नव्हतं, ते सुतारकाम होतं. मला तेव्हा लक्षात आलं की भाऊजींना आवरायचा कंटाळा मुळीच नाही. आवरण्यासाठी काहीतरी बनवायचं असेल तर ते पहाटे उठतात. टाकायचं म्हटलं की मात्र गुडघे दुखतात. ताईला मी माहिती म्हणून सांगितलं की प्रसिद्ध पाककलाकार जूलिया चाइल्डच्या स्वयंपाकघरात तिच्या नवऱ्यानं भिंतीच्या फळ्यावर प्रत्येक भांड्याची अशीच बाह्यरेषा काढून दिली होती आणि ते स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ताई म्हणाली, “तिच्या नवऱ्यानं तिच्या स्वयंपाकघरात काढली ना?” आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर रुंद पटाशीच्या रेषेत लाटणं टांगलेलं होतं. चपखल बसलं होतं.

खंडेनवमी मात्र झोकात झाली. शटर वर, जमिनीवर रांगोळी, फळ्यावर हत्यारं, हत्यारांवर हळद-कुंकू आणि झेंडू. बेंच सापडलं. सागवानी होतं. काकांनी तपासणीचा तक्ता आणला होता आणि पाचांपैकी चार ‘एस’ना चांगले गुण दिले. पाचव्याबद्दल, म्हणजे शिस्तीबद्दल, दिवाळीनंतर बघू म्हणाले. दसऱ्याला मोटारीची पूजा झाली, तिच्या पोटातल्या लाल चिठ्ठ्यांसह.

दिवाळीआधी ताईनं स्वयंपाकघराच्या फळीसाठी एक मिस्त्री बोलावला. भाऊजींनी निषेध नोंदवला आणि मग देखरेखीला उभे राहिले. मिस्त्री राजस्थानकडचा, तरुण. खांद्यावर एक पोतं. पोत्यात करवत, हातोडी, दोन पटाश्या, रंधा, ड्रिल मशीन. त्यानं पोतं जमिनीवर पसरलं, त्यावर बसला, फळी पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली आणि कापायला लागला. ना बेंच, ना क्लॅम्प. भाऊजी अवाक होऊन त्या अंगठ्याकडे पाहत होते. आपल्याकडचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या असेच काम करत आले आहेत, हे त्यांनाही माहीत आहे, पण पायाचा अंगठा कुठल्या दुकानात मिळत नाही.

तासाभरात फळी तयार झाली. खालून आधाराला एक पट्टी कमी पडली.

“साब, दो फूट का पट्टी मिलेगा? डेढ़ इंच चौड़ा.”

हा क्षण यायला किती वर्षं लागली असतील! भाऊजी त्याला घेऊन जवळजवळ पळतच गॅरेजात गेले. मागोमाग आम्ही. आवरलेल्या गॅरेजात तुकडे आता लांबीनुसार उभे होते. मिस्त्रीनं हात घातला तो पहिल्याच तुकड्याला, माप तंतोतंत होतं.

“वो नहीं, वो वाडे का सागवान है. सौ साल पुराना. उसको काटने का नहीं.”

“काटना नहीं है साब, इतनाच चाहिए.”

“तो भी, अंदर की साइड में दिखेगा नहीं. वेस्ट जायेगा.”

मिस्त्रीनं दुसरा उचलला. तो शिसवीचा होता, मसाल्याच्या वासात त्याची काय किंमत राहणार. तिसरा मरीन प्लायचा, तो पाण्याजवळच वापरायचा. स्वयंपाकघरातही पाणी असतंच, हे ताईनं निदर्शनास आणलं, पण भाऊजींच्या मनात बाथरूमचं होतं. चौथ्याचा पाट होणार होता. पाचवा चौथ्याच्या पाटाचा पाय होता. सहावा साधा पाइनचा, त्याला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा भाऊजी म्हणाले, “ठहरो, मैं दुकान से नया लाता हूँ. कितने का आयेगा?”

मिस्त्री काही बोलला नाही. स्वयंपाकघरात परत गेला, पोत्याच्या तळाशी हात घातला, आणि हातभराहून बरीच लांब, कडेनं काळपट पडलेली एक पट्टी बाहेर काढली. “रखा था,” तो थोडं लाजून म्हणाला. “कभी ना कभी लगता है.”

भाऊजींनी पट्टी त्याच्या हातून घेतली, उजेडात धरली, रेषा पाहिल्या, वास घेतला. दोघं एकमेकांकडे पाहून हसले. ताई कपाळाला हात लावून गॅसपाशी गेली. मिस्त्रीनं पट्टी मापानं कापली, फळीखाली ठोकली, आणि उरलेला चार बोटांचा तुकडा खिडकीतून मागच्या अंगणात भिरकावून दिला.

भाऊजी चपला शोधायला लागले.